सामान्य भेक : शेताच्या बांधावरील निशाचर शिकारी

पावसाळ्याच्या आरंभी अंगणातील दिव्याखाली येऊन बसणारा, अंगभर चामखिळीसारखे उंचवटे असलेला प्राणी सर्वांच्या परिचयाचा आहे. बोलीत त्यालाही बेडूकच म्हणतात. प्राणिशास्त्रात मात्र त्याला भेक ही वेगळी संज्ञा आहे. भारतात मोठ्या प्रमाणावर आढळणाऱ्या सामान्य भेकाचे शास्त्रीय नाव डट्टाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस असे आहे. यातील प्रजातीचे नाव भारतीय उभयचरतज्ज्ञ सुशीलकुमार दत्त यांच्या गौरवार्थ ठेवलेले आहे. गावातील शाळेत मुलांना निसर्गनिरीक्षणाची गोडी लावण्यासाठी विस्तार कार्यकर्त्यांना या प्राण्याइतका सहज उपलब्ध विषय क्वचितच सापडेल.

ओळख

बेडकाची त्वचा बहुधा ओलसर व गुळगुळीत, तर भेकाची कोरडी व खरखरीत असते. मागील पाय आखूड असल्याने भेक लांब झेप न घेता छोट्या उड्या मारत चालतो. डोक्यावरील काळ्या कडांचे हाडांचे कंगोरे आणि डोळ्यांमागील दोन फुगीर ग्रंथी ही त्याची ठळक ओळख होय. भेक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या त्वचेतून ते शोषून घेतो.

जीवनक्रम

पाऊस पडताच नर साचलेल्या पाण्याकाठी साद घालतात. मादी हजारो अंडी घालते. बेडकांच्या अनेक जातींची अंडी पुंजक्यांत असतात. भेकाची अंडी मात्र जेलीसारख्या लांब दोऱ्यांत माळेप्रमाणे ओवलेली असतात व पाणवनस्पतींभोवती गुंडाळलेली दिसतात. त्यांतून निघणारी काळी डिंभके थव्याने राहतात व मुख्यतः शेवाळ खातात. काही आठवड्यांत पाय फुटून, शेपूट शोषली जाऊन जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची पिले जमिनीवर येतात. कोरड्या हंगामात भेक बिळांत, दगडांखाली दडून राहतो.

आहार व कीडनियंत्रणातील स्थान

भेकाला दात नसतात. जिभेचे टोक जबड्याच्या पुढील भागाला जोडलेले असल्याने ती वेगाने बाहेर फेकली जाते आणि हलणारे भक्ष्य तिला चिकटते. गिळताना डोळे आत ओढले जाऊन घास घशाकडे ढकलला जातो. मुंग्या, वाळवी, भुंगेरे व अळ्या हे त्याचे नित्याचे अन्न. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या व पहिल्या पावसानंतर संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब, बाभळीवर जातात; तेव्हा जमिनीवर सापडणारे भुंगेरे भेक टिपतो.

तथापि भेक शत्रुकीटक व मित्रकीटक असा भेद करीत नाही, आणि जमिनीखालील हुमणी किंवा झाडावरील भुंगेरे त्याच्या आवाक्याबाहेर असतात. १९३५ मध्ये ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये उसावरील भुंगेऱ्यांच्या नियंत्रणासाठी हवाईतून मोठ्या जातीचे भेक आणून सोडण्यात आले. भुंगेरे आटोक्यात आले नाहीत. भेक मात्र दूरवर पसरले व त्यांना खाणारे स्थानिक प्राणी विषबाधेने मेले. आपला सामान्य भेकही मादागास्करमध्ये पोहोचून तेथे आक्रमक ठरला आहे. म्हणून भेक विकत आणून वा दुसरीकडून पकडून शेतात सोडू नयेत, असलेले जपावेत. हुमणीसाठी सामुदायिकरीत्या भुंगेरे गोळा करणे व अन्य एकात्मिक उपाय चालूच ठेवावेत.

विष व गैरसमज

भेकाला स्पर्श केल्याने चामखीळ येत नाही. ती विषाणूंमुळे होते. डोळ्यांमागील ग्रंथींतून पाझरणारा पांढरा स्राव मात्र विषारी असतो. कुत्र्याने भेक तोंडात धरल्यास तोंडातून लाळ गळते. तोंड स्वच्छ करून त्वरित पशुवैद्यकास दाखवावे. मुलांनी भेकाचे निरीक्षण दुरून करावे आणि चुकून हात लागल्यास साबणाने धुवावेत.

काय करावे

• अंडी वा डिंभके असलेल्या डबक्याजवळ फवारणी टाळावी. पंप व रिकामे डबे पाण्यात धुऊ नयेत.
• बांधावर दगड व पालापाचोळ्याचा थोडा आसरा ठेवावा.
• कठडा नसलेल्या हौदात एक तिरकी फळी टेकवावी, म्हणजे पडलेला भेक वर येऊ शकेल.
• मधपेट्या जमिनीवर न ठेवता उंच स्टँडवर ठेवाव्यात. अन्यथा भेक दारातील मधमाश्या खातो.

डबक्यातील अंड्यांची माळ प्रथम दिसल्यापासून पिले बाहेर पडेपर्यंतच्या नोंदी मुलांनी तारखेनुसार ठेवाव्यात. दरवर्षीच्या अशा नोंदींतून शिवारातील पाणी भेकांच्या वाढीस योग्य राहिले आहे काय, याचा अंदाज गावाला स्वतःच बांधता येईल.