मखमली पानाचा सांभाळ

पोरी, हे मखमली पानाचं झाड आणलंस ते छानच केलंस. आधी पानाचा देठ दोन बोटांत फिरवून बघ. गोल लागला तर अँथुरियम क्रिस्टॅलिनम. चौकोनी, कडा टोचणारा लागला तर मॅग्निफिकम किंवा दोघांचा संकर. हल्ली दुर्मीळ म्हणून काहीही खपवतात, आणि पानाच्या फोटोवर भुलून लोक घेतातही.

मग कुंडीतून काढून मुळं तपास. पांढरट, भरलेली मुळं ठेव. जे मूळ दाबलं की साल सुटून आत नुसता दोरा उरतो ते मेलेलं, बिनदिक्कत काप आणि कापल्या जागी चिमूटभर हळद लाव.

हे झाड पनामा-कोलंबियाच्या पावसाळी जंगलातलं. तिथं ते चिखलात नाही, खोडांवर, खडकांवर, पालापाचोळ्यात रुजतं. आपला रुखाळू आठव, पावसात आंब्याच्या बेचक्यात उगवतो आणि आपण त्याच्या वड्या करतो. दोघं अळूच्याच कुळातले. फरक एवढाच, की रुखाळूला कंद असतो, त्यामुळे पाऊस सरला की पानं टाकून तो खुशाल झोपतो. याला कंद नाही, म्हणून झोपही नाही. बारा महिने पान सांभाळत बसायचं. म्हणून आपल्या सुकापुरात याची खरी कसोटी मार्च ते मे. पावसाळ्यात आपली हवा त्याला माहेरची वाटत असेल.

कुंडीत माती घालूच नकोस. नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे निम्मे घे. ते आधी भिजत घाल आणि तांबडं पाणी यायचं थांबेपर्यंत पाणी बदलत राहा, सोडणात क्षार असतात. बाकी निम्म्यात लाकडी कोळसा (इस्त्रीवाल्याकडे मिळेल), विटांचे बारीक खडे आणि मूठभर गांडूळखत. शेणखत नको, ते दबून बसतं नि मुळांची हवा कोंडते. कुंडी मुळांहून दोन बोटंच मोठी घे. मोठ्या कुंडीत ओल साचते आणि झाड सडतं.

तुळशीला घालतो तसं रोज सकाळी तांब्याभर पाणी घालायची सवय इथं महागात पडेल. बोट दोन पेरं आत घाल, कोरडं लागलं तरच पाणी दे, आणि देशील तेव्हा खालून वाहून जाईपर्यंत दे. टँकरच्या किंवा बोअरच्या जड पाण्याने पानावर पांढरे डाग पडतात, म्हणून पावसाचं पाणी ड्रमात भरून ठेव. झाकण घट्ट लाव, नाहीतर डास पोसशील. आरओच्या फिल्टरमधून वाया जाणारं पाणी अजिबात घालू नकोस, सगळे क्षार त्यातच उतरलेले असतात.

उन्हाळ्यात गॅलरीला 75 टक्क्यांची हिरवी जाळी बांध. ताटात ओली वाळू घालून त्यावर कुंडी ठेव, शेजारी दुसरी झाडं दाटीने लाव. एसीचा झोत लागला की पानाच्या कडा करपतात. पावसाळ्यात उलट काळजी: झड येते त्या बाजूने कुंडी आत सरकव. 19:19:19 खत लिटरभर पाण्यात अर्धा ग्रॅम, महिन्यातून दोनदा, तेही नवं पान फुटत असेल तरच.

आपल्या माथेरान रस्त्याची धूळ पानावर बसतेच. फडक्याने पुसलीस तर मखमल जाते, ती परत येत नाही. रंगाच्या मऊ, कोरड्या ब्रशने झटक. तेव्हाच पान उलटं करून बघ, कोळी नाहीतर पिठ्या ढेकूण तिथंच लपतात. नवं पान तांबूस, लुसलुशीत निघतं. त्याला हात लावू नकोस, नखाचा ओरखडा ते पान गळेपर्यंत दिसत राहतो.

फुलोरा दिसायला काही खास नाही, खुडून टाक, ती ताकद पानात जाऊ दे. बी धरायची हौस असेल तर दुसरा फुलोराही लागेल, कारण एका फुलोऱ्यात मादीची वेळ आधी येते आणि पराग नंतर. फुलोऱ्याच्या दांड्यावर चिकट थेंब चमकले की दुसऱ्याचा पराग ब्रशने लाव. फळं पिकायला महिने जातात, बी मात्र काढल्या काढल्या पेर, सुकलं की गेलं.

कापाकापी करताना हातमोजे घाल. अळूसारखाच याचा चीक खाजतो, आणि तुझ्या मांजराला पान चघळायची सवय आहे, तेव्हा कुंडी उंचावरच ठेव.