बोलताना पाय थांबतात तेव्हा

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे आहेत. फिरताना कुणी बोलू लागलं की ते थांबूनच उत्तर देतात. काळजीचं आहे का?

उत्तर : दुर्लक्ष करू नका. उतारवयात चालण्याकडेही लक्ष द्यावं लागतं. ते बोलण्यात वाटलं गेलं की चाल मंदावते, तोल डळमळतो. १९९७मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या पाहणीत ५८ वृद्धांपैकी १२ जण बोलताना थांबत. त्यांतले १० पुढच्या ६ महिन्यांत पडले. थांबणं मात्र शहाणपणाचंच, म्हणून त्यांना घाई करू नका. जिन्यावर, रस्ता ओलांडताना मोबाइल तर नकोच नको! डॉक्टरांकडून तोल, दृष्टी आणि झोपेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही तपासून घ्या. चालताना लक्ष दोन्हीकडे ठेवता यावं म्हणून चालता चालता उलटे आकडे मोजण्याचा सराव करायचा असेल, तर तो फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करावा.