देवाचे भय: जिथे आपल्याला कोणी पकडू शकत नाही तिथे

मुख्य वचने: लेवीय 19:14, लेवीय 25:17, अनुवाद 17:18-19, 1 पेत्र 1:17-19



दिल्लीत किंवा नोएडात कोणत्याही दुकानात शिरा, भिंतीवर एक पाटी दिसते: आपण कॅमेऱ्याच्या नजरेत आहात. पाटी वाचली की हात आपोआप सावरतात. आता स्वतःला एक प्रश्न विचारा. ज्या खोलीत कॅमेरा नाही, तिथे मला कोण सावरते? देवाच्या भयाचा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी आहे. गेल्या वर्षी एका लहान कार्यालयात शिकाऊ म्हणून काम करताना मला एका गोदामातला माल मोजायला पाठवले. जून महिना, वर पत्रा, आत उकाडा. पुढच्या रांगांतली खोकी मी नीट मोजली. मागच्या रांगांपर्यंत गेलोच नाही. अंदाजाने आकडा लिहिला आणि खाली सही केली. कोणी विचारले नाही, विचारणारही नव्हते. त्याच रात्री मी ख्रिस्ती जीवनावरचा एक लेख मराठीत आणायला बसलो. त्यात देवाच्या भयाविषयी एक परिच्छेद होता. "भय" हा शब्द मला कठोर वाटला, म्हणून मी त्याजागी "आदर" लिहिले. तेही कोणी तपासणार नव्हते. एकाच दिवसात मी दोनदा आकडा बदलला होता, एकदा मालाचा आणि एकदा वचनाचा.

भय की आदर?

जुन्या करारात यासाठी येणाऱ्या हिब्रू शब्दात धास्ती आणि पूज्यभाव हे दोन्ही अर्थ आहेत. आदर आपण शिक्षकांना देतो, मोठ्या माणसांना देतो, आणि ते निघून गेल्यावर विसरूनही जातो. देवाचे भय म्हणजे तो निघून जात नाही याची जाणीव.

मात्र हे भय गुलामाचे नाही. निर्गम 20:20 काळजीपूर्वक वाचा. सीनाय पर्वताजवळ लोक थरथर कापत आहेत. मोशे त्यांना भिऊ नका असे सांगतो, आणि त्याच वचनात म्हणतो की त्यांनी पाप करू नये म्हणून देवाचे भय त्यांच्यासमोर राहावे. एकाच वचनात दोन भये आहेत. एक भय आपल्याला देवापासून दूर पळवते, तर दुसरे पापापासून दूर ठेवते. पहिले भय प्रीती घालवून देते, असे 1 योहान 4:18 सांगते. दुसरे भय प्रीतीतूनच वाढते. म्हणूनच स्तोत्र 130:4 मध्ये देवाचे भय त्याच्या क्षमेशी जोडलेले आहे. ज्याला क्षमा मिळाली, त्यालाच त्या क्षमेची किंमत कळते.

लेवीय पुस्तकातील पाच ठिकाणे

लेवीय पुस्तकात "आपल्या देवाचे भय बाळग" या अर्थाची आज्ञा पाच ठिकाणी येते. ती कोणाच्या संदर्भात येते ते पाहा.

1. लेवीय 19:14: बहिऱ्याला शिव्याशाप देऊ नये, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नये.
2. लेवीय 19:32: वृद्धांचा मान राखावा.
3. लेवीय 25:17: खरेदी-विक्रीत एकमेकांना फसवू नये.
4. लेवीय 25:36: गरिबीत सापडलेल्या भावाकडून व्याज घेऊ नये.
5. लेवीय 25:43: हाताखालच्या माणसावर कठोरपणे सत्ता गाजवू नये.

यांत एक गोष्ट समान आहे. बहिऱ्याला शिवी ऐकू येत नाही. अडखळण कोणी ठेवले ते आंधळ्याला दिसत नाही. वृद्धात, कर्जदारात किंवा नोकरात उलटून बोलण्याचे बळ नसते. म्हणजे जो आपल्याला पकडू शकत नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो हीच देवाच्या भयाची परीक्षा आहे. तिथे देव स्वतः मध्ये उभा राहतो आणि म्हणतो, त्याने ऐकले नसेल, मी ऐकले आहे.

आपण उपासनेत किती वेळ गुडघे टेकतो यावरून आपले भय मोजतो. पवित्र शास्त्र ते बाजारात, घरात आणि हाताखालच्या माणसाजवळ मोजते.

पंडिता रमाबाई: न पाहू शकणाऱ्यांसाठी केलेले काम

आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासात याचे एक ठळक उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंचा जन्म 1858 चा. 1878 मध्ये कलकत्त्यातील विद्वानांनी त्यांना "पंडिता" आणि "सरस्वती" या पदव्या दिल्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त स्वतः मिळायचा राहिला होता, अशी प्रामाणिक साक्ष त्यांनी पुढे लिहून ठेवली. इतक्या नावाजलेल्या स्त्रीने अशी कबुली दिली नसती तर कोणाला कळले असते? तरी त्यांनी ती दिली.

1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून अनाथ मुली आणि विधवा यांना आणले. पुण्याजवळ केडगाव येथे मुक्ती मिशन वाढले. तिथे अंध स्त्रियांसाठी "बार्तिमी सदन" होते. हे नाव मार्क 10 मधल्या आंधळ्या भिकाऱ्यावरून आले. रमाबाईंची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली आणि तिने या स्त्रियांना वाचायला शिकवले. ज्यांच्या वाटेत कोणीही अडखळण ठेवू शकले असते, त्यांच्या बोटांखाली मायलेकींनी वचन ठेवले.

त्यानंतर रमाबाईंनी बायबलचा अनुवाद हाती घेतला. मराठी बायबल तेव्हा होते, पण कमी शिकलेल्या स्त्रियांनाही समजेल अशा सोप्या मराठीत ते असावे, असे त्यांना वाटत होते. त्यासाठी त्या प्रौढ वयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. वर्षानुवर्षे हे काम चालले. मुक्तीतल्या स्त्रियांनीच खिळे जुळवले आणि छपाई केली. 1921 मध्ये मनोरमा वारली. तरी हे काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई प्रभूकडे गेल्या आणि 1924 मध्ये त्यांचे संपूर्ण बायबल प्रसिद्ध झाले.

आता विचार करा. ज्या स्त्रियांसाठी हा अनुवाद होता, त्यांच्यापैकी किती जणी तो मूळ हिब्रूशी ताडून पाहू शकल्या असत्या? रमाबाईंनी एखादे अवघड वचन अंदाजाने लिहिले असते, तर त्या वाचकांना कधीच कळले नसते. त्या अर्थाने ते वाचक लेवीय 19:14 मधल्या आंधळ्यासारखेच होते. कोणी तपासणार नसताना इतकी वर्षे मूळ शब्दांशी झुंजणे, हे मला देवाचे भय वाटते. हे वाचल्यावर मला माझा "आदर" हा शब्द आठवला आणि लाज वाटली.

हे भय आपल्यात कसे वाढेल?

*पहिले, वचन स्वतःच्या हाताने लिहा.* अनुवाद 17:18-19 मध्ये राजाला आज्ञा आहे की त्याने नियमशास्त्राची प्रत लिहून घ्यावी आणि ती आयुष्यभर रोज वाचावी, म्हणजे तो परमेश्वराचे भय बाळगायला शिकेल. "शिकेल" हा शब्द लक्षात घ्या. हे भय जन्मतः येत नाही, सवयीने शिकावे लागते. रोज एक वही घ्या आणि चार वचने लिहा. हात हळू चालतो, म्हणून मन थांबते.

*दुसरे, तुम्हाला पकडू न शकणाऱ्यांची यादी करा.* घरकाम करणाऱ्या मावशी, सोसायटीचा सुरक्षारक्षक, हिशेब न कळणारा ग्राहक, मोबाइल न वापरता येणारी आजी. या आठवड्यात तुम्ही त्यांच्याशी कसे वागलात ते देवासमोर वाचून दाखवा.

*तिसरे, मागे जाऊन दुरुस्त करा.* दोन दिवसांनी मी वरिष्ठांना खरे सांगितले. त्यांनी काही क्षण माझ्याकडे पाहिले आणि मला पुन्हा गोदामात पाठवले. या वेळी मी सगळी खोकी मोजली. आकडा जवळपास तोच निघाला! पण पहिल्या दिवशीची माझी सही खोटीच होती. पुढच्या मोजणीला मला बोलावले गेले नाही. ते दुखले. तरी त्या रात्री प्रार्थना करताना देवापासून काही लपवायचे उरले नव्हते. लेखात मी "भय" हा शब्द परत लिहिला.

हे भय कशावर उभे आहे?

शेवटी 1 पेत्र 1:17-19 वाचा. प्रेषित सांगतो की आपण पृथ्वीवरचा प्रवास भय धरून करावा, कारण आपली सुटका सोन्या-रुप्याने नव्हे तर ख्रिस्ताच्या मोलवान रक्ताने झाली आहे. इथे भयाचे कारण शिक्षा नसून आपल्यासाठी मोजलेली किंमत आहे. ज्याने आपल्यासाठी एवढे मोजले, त्याच्यासमोर आपण अंदाजाने आकडे कसे लिहावे?

मननासाठी प्रश्न

1. कोणी तपासणार नाही म्हणून मी कोणते काम अर्धवट केले आहे?
2. माझे भय मला देवापासून पळवते की पापापासून?
3. या आठवड्यात मी कोणाकडे परत जाऊन खरे सांगायला हवे?

प्रार्थना: हे प्रभू, जिथे मला कोणी पाहत नाही तिथे तू आहेस हे मला विसरू देऊ नकोस. जे माझी चूक पकडू शकत नाहीत, त्यांच्याशी मला खरेपणाने वागव. तुझ्या क्षमेने माझ्यात तुझे भय वाढव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.