ऑइल काढण्याचा व्हॉल्व्ह : बसवावा की नको?

गिरण्यांच्या काळापासून डिलाईल रोडवर (आता ना. म. जोशी मार्ग) बिऱ्हाड आणि गावी शेती, अशी अनेक कुटुंबे आहेत. तिकडे मोटार, इकडे ट्रॅक्टर. दोन्हींच्या ऑइल चेंबरला नटाऐवजी लहान बॉल व्हॉल्व्ह बसवता येतो. ठिबकला असतो तसाच. दांडी पाव फेरा फिरवली की जळके ऑइल खाली येते. चाळीच्या गल्लीत गाडीखाली पाना फिरवायला जागा नसते, म्हणून तो मोहात पाडतो.

पण मोटारीचे ऑइल साधारणपणे वर्षातून एकदा बदलतात. तेवढ्यासाठी खर्च कशाला? शिवाय व्हॉल्व्ह चेंबरखाली डोकावतो. गतिरोधकावर आपटून तुटला, तर ऑइल सांडून इंजिन जाम होते.

ट्रॅक्टरचे तसे नाही. बहुधा २५० तासांनी ऑइल बदलावे लागते आणि नट सारखा काढून आटे जातात. तेथे व्हॉल्व्ह उपयोगी. मात्र दांडीला अडकण असलेलाच घ्यावा. तुरीच्या धसकटात साधी दांडी उघडू शकते. आट्यांचे माप जुन्या नटाशी जुळवावे. व्हॉल्व्हचे भोक लहान असते, म्हणून इंजिन कोमट असतानाच ऑइल काढून पूर्ण निथळू द्यावे. ते डब्यात साठवावे, विहिरीजवळ ओतू नये.