मंडपाला झेलता येईल असे भजन

आश्विन वद्य पंचमी जवळ आली की यवतमाळ जिल्ह्यातल्या गावागावांत रात्री खंजिरी वाजू लागते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गुरुकुंज मोझरीला देह ठेवला, तो याच तिथीला. दिवस धावपळीचे असतात. सोयाबीनची सोंगणी उरकत आलेली, कपाशीचा पहिला वेचा तोंडावर, थ्रेशरच्या धुळीने घसे बसलेले. तरी जेवणे आटोपून माणसे हनुमान मंदिराच्या पारावर किंवा समाजमंदिरात जमतात आणि पुण्यतिथीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू होते. कार्यक्रमाच्या रात्री आजूबाजूच्या गावांची मंडळे येतात. पेटी एक, ढोलकी एक, टाळ हाताला लागतील तितके. पाळीपाळीने एकेक मंडळ दोन-तीन भजने म्हणते आणि बाकीचे साथ धरतात.

प्रस्तुत लेखक अशा बैठकांत पेटीवर बसतो. पेटीवाल्याची जागा मोक्याची असते. गाणाऱ्याचा चेहरा, ढोलकीवाल्याचा हात आणि समोरचा मंडप, तिन्ही त्याला एकदम दिसतात. त्या जागेवरून वर्षानुवर्षे जे दिसले ते असे: सामुदायिक भजन पडते ते गळा वाईट म्हणून क्वचितच. तयारी झालेली असते, पुष्कळ झालेली असते; फक्त ती एकट्याने गाण्याची असते. सोबत्यांना उचलता येईल अशी तयारी वेगळी करावी लागते.

दारव्हा भागातल्या एका गावची गोष्ट. एका तरुणाने मोबाइलवर तानपुरा लावून एक भजन महिनाभर घोटले होते. आवाज गोड, शब्द चोख पाठ. त्याची पाळी आली आणि त्याने पट्टी सांगितली, काळी चार. पेटीवर स्वर धरला. ढोलकीवाला आधीच्या मंडळासाठी काळी एकला ढोलकी लावून बसला होता. त्याने पाना काढून नट आवळायला घेतले. चार-पाच मिनिटे त्यातच गेली आणि मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. मग आलाप झाला, तोही लांब. धृपद सुरू झाले ते चार ओळींचे, प्रत्येक ओळीची चाल वेगळी. मागून धृपद धरणाऱ्या झेलकऱ्यांनी पहिली ओळ झेलली, दुसरीला अर्धे गप्प झाले, चौथीला तो एकटाच उरला. अंतऱ्यात चाल तार पंचमाकडे गेली आणि घरी निवांत लागणारा स्वर मंडपात, माइकसमोर, थंडीत फाटला. टाळ थांबले. त्याने भजन पुरे केले खरे. पण उरलेली कडवी त्याने खाली मान घालून म्हटली.

लगेच पुढे एक वयस्कर बुवा आले. त्यांनी तीच ढोलकी पुन्हा उतरवायला लावली नाही. पेटीवर काळी चारच राहू दिली आणि तिथून मध्यम धरून, म्हणजे काळी एकवर, खालच्या अंगाने जाणारे भजन काढले. धृपद दोन ओळींचे. पहिली ओळ त्यांनी दोनदा म्हटली, दुसऱ्यांदा म्हणताना हात मंडपाकडे केला. तिसऱ्या खेपेला मागे बसलेल्या बायाही गात होत्या. बुवांचा आवाज त्या पोरापेक्षा चांगला नव्हता. त्यांनी भजन निवडतानाच गावाचा विचार केला होता, एवढाच फरक.

ही दृष्टी या मातीत नवी नाही. १९०९ साली अमरावती जिल्ह्यातल्या यावलीला जन्मलेल्या माणिक इंगळे नावाच्या मुलाने, म्हणजेच पुढच्या तुकडोजी महाराजांनी, खंजिरी हाती घेतली ती मैफल गाजवायला घेतली नाही. खंजिरी एका हातात मावते, कुठेही नेता येते, तिच्यासाठी बैठक लागत नाही. त्यांनी मराठीत आणि हिंदीत भजने रचली. स्वच्छता, व्यसनमुक्ती, जातिभेद, गावाची एकी हे विषय त्यांत आणले आणि १९४२ च्या लढ्यात तुरुंगवासही भोगला. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून त्यांनी जिचा आग्रह धरला ती सामुदायिक प्रार्थना. सगळ्या जातींची माणसे एका सतरंजीवर बसून एका सुरात म्हणतील, असे त्यांना हवे होते. त्यांच्या भजनांची धृपदे आखूड आणि चाली सरळ असतात, त्याचे कारण इथे आहे.

गाडगेबाबांचेही तसेच. वऱ्हाडातल्या शेंडगावी १८७६ साली जन्मलेल्या बाबांच्या कीर्तनात प्रश्न विचारला जाई, उत्तर लोकांकडून येई आणि मधेमधे इवलीशी धून सगळी जत्रा उचलून धरी. हजारोंच्या गर्दीत, बहुतेक ठिकाणी कर्ण्याशिवाय, धून टिकायची तर ती तेवढीच लहान असावी लागते.

यवतमाळ जिल्ह्यात सामूहिक गाण्याचे आणखीही प्रकार आहेत. पुसद, दिग्रस, आर्णी भागातल्या तांड्यांवर होळीला बंजारा समाजाची लेंगी डफावर रंगते. केळापूर, झरी जामणीकडे दिवाळीत दंडार निघते. देव, भाषा, वाद्ये वेगळी. पण एकाने उचलायचे आणि सगळ्यांनी धरायचे, ही रीत सगळीकडे एकच.

साता समुद्रापलीकडेही ती आहे. अमेरिकेत केंटकीच्या बिल मनरो या मेंडोलिनवादकाने ‘ब्लू ग्रास बॉइज’ नावाचा संच उभा केला. १९३९ मध्ये हा संच नॅशव्हिलच्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमात गाजला, १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज आपला तीन बोटांचा बँजो घेऊन त्यात आला आणि संचाच्या नावावरून त्या संगीतालाच ब्लूग्रास म्हणू लागले. आज तिथल्या गावांत लोक घरी, दुकानाच्या ओसरीवर, चर्चच्या दालनात मेंडोलिन, बँजो, फिडल, गिटार घेऊन गोल बसतात. ज्याची पाळी असेल तो गाण्याचे नाव सांगतो, पट्टी सांगतो, सुरुवात करतो. गाणे सुरू असताना बाकीचे हळू वाजवतात. कडव्यांच्या मधे तो ज्याच्याकडे मान हलवील त्याने एकट्याने वाजवायचे. ज्याला जमणार नाही तो मानेनेच नको म्हणतो आणि पाळी पुढे जाते. गाणे संपवायचे असले की तो पाय वर उचलतो आणि सगळे एकदम थांबतात. तालमीशिवाय, अनोळखी माणसांत हे जमते. कारण गाणी तीन-चार स्वरमेळांवर (कॉर्डवर) चालणारी निवडलेली असतात आणि खुणा सगळ्यांना ठाऊक असतात. आपल्या भजनी मंडळांतल्या जाणत्यांना यातले काहीच नवखे वाटणार नाही. नव्या पिढीला मात्र ते मुद्दाम सांगायला हवे, कारण ती भजन मोबाइलवरून शिकते आणि मोबाइल कुणाची साथ धरत नाही.

म्हणून पहिली गोष्ट निवडीची. धृपद दोन ओळींचे, फार तर तीन. एकदा ऐकून दुसऱ्यांदा म्हणता येते का, हे घरातल्या लहान पोरावर तपासावे. त्याला ते उचलता आले तर मंडपालाही येते. कडवी चारपेक्षा जास्त असतील तर कोणती गाळायची ते आधी ठरवून ठेवावे. मधल्या कडव्यात विसर पडला की पुढचे धरता आले पाहिजे. आलाप घ्यायचाच असेल तर एका श्वासाचा. लांब आलापात टाळकऱ्यांचे हात थंड पडतात.

दुसरी पट्टीची. पुरुषांना साधारण काळी एक ते काळी दोन सोयीची पडते, बायांना काळी चार-पाचच्या आसपास. काळी एक आणि काळी चार यांत पंचमाचे अंतर आहे. मिश्र मंडळात एकाच पट्टीवर दोघांना ओढले की कुणीतरी घुसमटते. यावर सोपी तोड अशी की भजन काढण्याआधी त्यातला सर्वांत उंच आणि सर्वांत खालचा स्वर पेटीवर शोधावा आणि उंच स्वर सगळ्यांना बसेल अशी पट्टी धरावी. स्वतःला जिथे सर्वांत छान लागते त्यापेक्षा अर्धा-एक स्वर खाली घेतले तरी चालते. रात्री बाराला, दव पडत असताना, गळा तसाही खाली आलेला असतो.

पट्टीशी ढोलकी बांधलेली असते, हे नवीन मुले विसरतात. पट्टी बदलली की ढोलकी नव्याने लावावी लागते. म्हणून मंडळाच्या दोन-तीन भजनांची पट्टी एकच ठेवावी. वेगळीच हवी असेल तर पंचमाचे किंवा मध्यमाचे नाते जोडावे, म्हणजे ढोलकीला हात लावावा लागत नाही. शेजारच्या गावची दुसरी पेटी कुणी मायेने आणली तरी दोन पेट्या एकत्र वाजवू नयेत. जुन्या पेट्यांचे सूर उतरलेले असतात, एकमेकींशी जुळत नाहीत. खंजिरीचे तेवढे बरे असते. तिचा स्वर पट्टीला अडत नाही. दवाने कातडे सैल पडले की शेकोटीजवळ चार घटका धरायची, आवाज परत येतो. पूर्वी तिला घोरपडीचे कातडे लावत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला संरक्षण दिले आहे. कुणी जुने म्हणून कौतुकाने तसे कातडे देऊ केले तर घेऊ नये. बकरीच्या कातड्याची किंवा फायबरची खंजिरी उत्तम चालते.

तिसरी ठेक्याची. बहुतेक भजने आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात किंवा केरव्यात बसतात, काही सहा मात्रांच्या दादऱ्यात. ठेका कोणता हे ढोलकीवाल्याला शब्दांत सांगावे. त्याला ओळखायला लावू नये. धृपद समेपासून उठते की एक-दोन मात्रा आधी, हे तर नक्कीच सांगावे. पहिल्या आवर्तनात घोळ होतो तो इथेच. लय सुरुवातीला बेताची ठेवावी. टाळ आपोआप लय चढवतात. आरंभीच दुगुण धरली तर शेवटच्या कडव्यात शब्द तोंडात मावत नाहीत.

चौथी खुणांची. धृपद परत घ्यायचे आहे तेव्हा हात वर, कडवे सुरू करताना हात खाली, शेवट करताना खंजिरी डोक्यावर. प्रत्येक मंडळाच्या खुणा थोड्याफार वेगळ्या असतात, म्हणून बाहेरच्या साथीदारांना बसण्याआधी त्या करून दाखवाव्यात. अकोटचे सत्यपाल महाराज सात खंजिऱ्या समोर मांडून एकटे वाजवतात, बोलतात, गातात, आणि त्यांच्या कीर्तनाला माणसांचा पूर लोटतो. त्यांचे पाहून अनेक तरुण सात खंजिऱ्यांचा संच घेतात. ती एका कीर्तनकाराची उभ्या आयुष्याची साधना आहे. शिकायची तर मनापासून शिकावी. पाळीपाळीच्या बैठकीत मात्र एकच खंजिरी असावी आणि ती साथीदारांना दिसेल अशी धरावी.

वही मोठ्या अक्षरांत लिहावी. पानाच्या माथ्यावर पट्टी, ठेका आणि उठाव, मग धृपद, मग कडव्यांच्या पहिल्या ओळी. मोबाइलच्या पडद्यावरून गाताना माणूस खाली बघतो, इशारा द्यायचा राहून जातो. शिवाय एक भजन राखीव ठेवावेच. आपण ठरवलेलेच भजन आधीचे मंडळ म्हणून जाते, हे दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या वाट्याला येते. अशा वेळी तेच पुन्हा म्हणून बरोबरी करू नये. कोकणातल्या डबलबारीत दोन बुवांनी एकमेकांना उत्तरे द्यायची असतात, तिथे ती चुरस शोभते. पुण्यतिथीच्या मंडपात ती शोभत नाही.

आणि अर्धी तयारी साथीची असते, ती कुणी करतच नाही. दुसऱ्याची पाळी असताना टाळ शब्दांच्या वर जाऊ नयेत. चाल येत नसेल तर एक आवर्तन ऐकावे, मग हात घालावा. माइक गाणाऱ्यापुढे एक आणि झेलकऱ्यांपुढे एक असावा. एकच असेल तर तो मधे ठेवावा. बायांचे मंडळ शेवटी, रात्री एकनंतर, लोक उठून गेल्यावर लावण्याची जी खोड अनेक ठिकाणी आहे ती मोडायला हवी. त्यांची पाळी साडेनवाच्या आत लावली तर निम्मा मंडप आपसूक साथीला मिळतो, कारण मुले आयांसोबत आलेली असतात आणि जागी असतात.

दारव्हा भागातला तो तरुण दुसऱ्या वर्षी पुन्हा आला. पट्टी काळी एक, धृपद दोन ओळींचे, आलाप नाही. घरच्या तानपुऱ्याऐवजी त्याने पारावर ढोलकीसोबत तालीम केली होती. मंडप त्याच्यासोबत गायला.

या वर्षीच्या पंचमीला ज्या मंडळांना बोलावणे आहे त्यांनी एवढे करावे: आठ दिवस आधी यजमान गावच्या पेटीवाल्याला आणि ढोलकीवाल्याला आपली भजने, पट्टी आणि ठेका कळवावा, कार्यक्रमाच्या रात्री अर्धा तास लवकर पोचावे आणि पहिले धृपद त्या गावच्या चार माणसांना मंडपात शिरण्याआधीच शिकवून ठेवावे.