अनोळखी माणसासाठी थांबलीस, त्याबद्दल

कराड

सोनू,

तुझ्या आईने फोनवर सगळं सांगितलं आणि मग तुझा मेसेज वाचला. नवले पुलाच्या उतारावर कारने उडवलेल्या त्या दुचाकीवाल्याला तू रिक्षात घालून दवाखान्यात नेलंस. काउंटरवर तुझ्याकडेच डिपॉझिट मागितलं गेलं. त्याच्या घरच्यांना तूच फोन केलास, आणि ते आल्या आल्या तुला म्हणाले, "तुमच्याच गाडीने ठोकलं ना?" हे सगळं लिहून झाल्यावर तू शेवटी लिहिलंस, "मावशी, आता कुणासाठीही थांबणार नाही." ते एक वाक्य माझ्या मनातून जाईना, म्हणून पेन हातात घेतलं.

पहिल्यांदा हे ऐक की तू बरोबर केलंस. माझी सगळी नोकरी महामार्गाकडेच्या सरकारी दवाखान्यात गेली, त्यातली बरीचशी कॅज्युअल्टीत. रक्त वाहून गेलेला माणूस आणि वेळेवर पोचलेला माणूस यांच्यात पुष्कळदा एवढाच फरक असायचा की एकासाठी कुणीतरी थांबलं होतं. कायद्यातसुद्धा आता 'गोल्डन अवर' म्हणजे दुखापतीनंतरचा पहिला तास असं लिहिलेलं आहे. त्या तासात डॉक्टर रस्त्यावर नसतो, नातेवाईक नसतात. असतो तो जाणारा-येणारा.

त्या जाणाऱ्या-येणाऱ्याला पूर्वी किती भीती वाटायची हे मी जवळून पाहिलंय. जखमीला स्ट्रेचरवर ठेवायचे आणि मी केसपेपरवर 'कोणी आणले' हा रकाना लिहायला मान खाली घातली की माणूस गायब. पोलीस बोलावतील, कोर्टाच्या तारखा लागतील, आपल्यालाच आरोपी करतील, हीच धास्ती. दिल्लीत पीयूष तिवारी यांचा कोवळ्या वयाचा चुलतभाऊ रस्त्यावर असाच मदतीवाचून गेला. त्यानंतर 2008 मध्ये त्यांनी सेव्हलाइफ फाउंडेशन काढलं आणि मदत करणाऱ्याला संरक्षण मिळावं म्हणून सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. 30 मार्च 2016 ला न्यायालयाने केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134-अ हे कलम आलं. आता अपघातग्रस्ताला चांगल्या हेतूने मदत करणाऱ्यावर, मदत करताना काही चुकलं तरी, दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही. आणि तुझ्याकडे मागितलं तसं डिपॉझिट आणणाऱ्या अनोळखी माणसाकडे मागता येत नाही, त्याला अडकवूनही ठेवता येत नाही. पुढच्या वेळी काउंटरवर हे शांतपणे, पण ठाम आवाजात सांग. आधी उपचार आणि मग कागदपत्रं, हे तर परमानंद कटारा यांच्या खटल्यात न्यायालयाने 1989 मध्येच सांगून ठेवलंय.

सरकार अशा माणसाला बक्षीसही देतं. 2021 मध्ये ते 5,000 रुपये होतं, 2025 मध्ये 25,000 केलं. कुणाला मिळालं तर त्याने आनंदाने घ्यावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण बक्षिसाचा विचार करून कुणी रक्ताळलेल्या माणसाला मांडीवर घेईल असं मला वाटत नाही.

आता त्या घरच्यांबद्दल. तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय. कॅज्युअल्टीच्या दारातून धावत येणारी माणसं मी वर्षानुवर्षं पाहिली. त्या क्षणी त्यांना कुणावर तरी ओरडायचं असतं, आणि समोर उभा असतो तो ज्याच्या कपड्याला रक्त लागलंय. आम्हा सिस्टरांना शिव्या पडायच्या, वॉर्डबॉयची गचांडी धरली जायची. काही जण दुसऱ्या दिवशी खाली मान घालून यायचे. बरेच यायचेच नाहीत. ते दुष्ट होते असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. तरी तुला वाईट वाटलं ते खरंच आहे, आणि "मोठ्या मनाने सोडून दे" असं मी म्हणणार नाही. राग आला असेल तर येऊ दे. फक्त त्या रागाने पुढच्या जखमीचा निकाल लावू नकोस. त्याने तुझं काय वाकडं केलंय?

एक टेम्पोवाला माझ्या कायमचा लक्षात राहिलाय. टोमॅटोचे क्रेट घेऊन पहाटे मार्केटला निघाला होता. वाटेत पडलेल्या दोघांना केबिनमध्ये घालून घेऊन आला. आम्ही आत धावपळ करत होतो तेव्हा हा बाहेरच्या नळावरून बादली भरभरून सीट धूत होता, कारण मालकाची गाडी. लिलावाची वेळ टळली होती. तेवढ्यात जखमीचा भाऊ आला आणि त्याने याची कॉलर धरली, "पाकीट कुठंय? मोबाईल कुठंय?" मोबाईल नंतर अपघाताच्या जागी गवतात सापडला म्हणे, पण तोवर हा निघून गेला होता. मला वाटलं, हा काही आता परत कुणाला आणायचा नाही.

तो आला. बऱ्याच महिन्यांनी, एका म्हाताऱ्या सायकलवाल्याला घेऊन. स्ट्रेचर आत गेलं तसा माझ्या टेबलाशी आला, खिशातून म्हाताऱ्याची चंची, सुटे पैसे, किल्ली असं एकेक काढून मांडलं आणि म्हणाला, "सिस्टर, आधी हे लिहून घ्या. मग माझं नाव लिहा." मी लिहिलं, त्याची सही घेतली. चहा घेतोस का विचारलं तर म्हणाला, "माल तापतोय," आणि गेला.

सोनू, मला तुला सांगायचंय ते एवढंच आहे. त्याने मदत सोडली नाही, मदत करायची रीत सुधारली. ज्याने आपल्याला पोळतं ते ओळखून तेवढी काळजी घ्यायची आणि काम चालू ठेवायचं. आपल्याकडून उद्या पुन्हा होईल अशा बेताने मदत करावी. एकदाच जीव ओतून करायची आणि मग मन विटून बसायचं, याचा कुणालाच उपयोग नाही.

तेव्हा काही गोष्टी शिकून घे. रिक्षा शोधण्याआधी 108 लाव. आपल्या राज्यात 2014 पासून ही ॲम्ब्युलन्स फुकट येते. मान दुखावलेली असू शकते, म्हणून माणसाला ओढू नये, उचलायची घाई करू नये, हेल्मेट काढायला जाऊ नये. गाडी पेटायची वगैरे भीती असेल तर गोष्ट वेगळी. रक्त येतंय तिथे स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, दर मिनिटाला उघडून पाहायचं नाही. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजायचं नाही, आपल्याकडे ही चूक सर्रास होते. आणि शेजारच्या कुणाला तरी बोट दाखवून सांगायचं, "निळा शर्ट, तुम्ही माझ्यासोबत थांबा." दोघं असली की आळही कमी येतो आणि धीरही राहतो. सेंट जॉन ॲम्ब्युलन्सचे प्रथमोपचाराचे वर्ग असतात, तुझ्या ऑफिसातल्या दोघी-तिघींना घेऊन एकदा करच.

रोजच्या बारीकसारीक प्रसंगांनाही हेच लागू. स्वारगेटला "पाकीट मारलं, गावाला जायला पैसे द्या" म्हणणारा भेटला तर रोख देऊ नकोस, त्याच्या गावचं तिकीट काढून दे. खरा असेल तर एसटीत बसेल. कुणी फोन मागितला तर नंबर तू लाव आणि स्पीकरवर ठेव. रात्री एकटी असताना अनोळखी माणसाला गाडीवर घेऊ नकोस, त्यासाठी मन खाऊ देऊ नकोस. एवढं करूनही कधीतरी फसशील. फसवलं गेलं म्हणून फार मोठं नुकसान झालं नाही ना, एवढं पाहावं आणि पुढे जावं.

आणि कृतघ्नपणाचं म्हणशील तर आपल्या घराकडेही बघ. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा तुझे बाबा कुर्ल्यात छातीएवढ्या पाण्यात अडकले होते. एका चाळीतल्या लोकांनी त्यांना माळ्यावर घेतलं, कोरडी लुंगी दिली, चहा-पाव दिला, रात्रभर जागा दिली. ती माणसं स्वतः पोटमाळ्यावर दाटीने बसून होती. सकाळी पाणी उतरल्यावर बाबा घाईने घरी निघाले. पुढे आभार मानायला गेले तर त्यांना ती गल्लीच ओळखता येईना. त्या घराला आपल्याकडून काय मिळालं? काही नाही. तुझ्या बाबांना मात्र कोरड्या कपड्यात घरी यायला मिळालं. तुझी आई तेव्हा देवापुढे दिवा लावून बसली होती, ते मी विसरलेले नाही.

पालखी लोणंद-फलटणला असायची तेव्हा मला काही वर्षं वैद्यकीय पथकात ड्यूटी लागायची. तळपायाला आलेले फोड धुऊन पट्टी बांधायची, पुढचा पाय घ्यायचा. एखादी आजी पट्टी झाली की माझ्याच पाया पडायची, मला संकोच व्हायचा. तर पुढचे बाबा "केवढी घट्ट आवळलीय!" म्हणून खेकसायचे. दोघांचेही पाय दुसऱ्या दिवशी चालायचे. तिथे जे शिकले ते वॉर्डात फार कामाला आलं.

आता एका कामाचं बोलते. तुझ्या आईने सांगितलं की ठोकून पळालेल्या कारच्या नंबराचे शेवटचे आकडे आणि रंग तू पाहिलास. ते अजून आठवतंय तोवर, आजच, तारीख-वेळेसकट कागदावर लिहून ठेव. गाडी सापडली नाही तर गंभीर जखमीला सरकारी योजनेतून 50,000 रुपयेच मिळतात. गाडी सापडली तर विमा कंपनीकडे रीतसर दावा करता येतो, आणि हाड मोडून महिनोन् महिने घरी बसलेल्या माणसाला त्याचा फार आधार असतो. तुला साक्ष द्यायची सक्ती कुणी करू शकत नाही. देणार असशील तर जबाब एकदाच, तुझ्या सोयीच्या वेळी आणि जागी घ्यावा असा नियम आहे. ज्यांनी तुझ्यावर आळ घेतला त्यांच्याच उपयोगाचं हे काम आहे, हे मला कळतं. माझं मत विचारशील तर दे. नाही म्हणालीस तरी तू माझी तीच सोनू आहेस.

शनिवारी सकाळच्या गाडीने मी पुण्याला येते. जायचं ठरवलंस तर पोलीस ठाण्यात मी तुझ्या शेजारी बसेन. कागद मात्र त्याआधी लिहून ठेव.

तुझी,
मावशी