ज्युपिटर नोटबुक : प्रकल्प मोठा व्हायला लागल्यावर

एक प्रयोग करून पाहा. नोटबुकाच्या एका सेलमध्ये लिहा : दर = १८. तो चालवा आणि मग सेल पुसून टाका. आता पुढच्या सेलमध्ये 'दर' छापायला सांगा. १८ येतातच! पानावर ज्याचा मागमूस नाही ते आले कुठून?

ब्राउझरमध्ये दिसते ते फक्त पान. कोड चालवतो तो कर्नेल नावाचा वेगळा प्रोग्रॅम, आणि त्याच्या लक्षात पानावरचा मजकूर नसतो, आजवर चालवलेले असते. सेलच्या डावीकडच्या चौकटी कंसातले आकडे म्हणजे चालवण्याचा क्रम. ते १, ७, ३ असे दिसले की सावध व्हा. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गिटहबवरची सुमारे १४ लाख नोटबुके तपासली होती. त्यांतल्या चालवून पाहिलेल्यांपैकी सुमारे २४ टक्केच चुकीविना पूर्ण झाली. मूळचीच उत्तरे मिळाली ती जेमतेम ४ टक्क्यांमध्ये.

म्हणून मांडणी सुरुवातीलाच नीट करा. प्रत्येक प्रकल्पाला स्वतःचे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट द्या, त्यातच आयपीकर्नेल बसवा आणि त्या कर्नेलची प्रकल्पाच्या नावाने नोंद करा. नाहीतर पॅकेज एका पायथॉनमध्ये बसते, नोटबुक दुसऱ्यावर चालते आणि 'मॉड्यूल सापडत नाही' या संदेशापुढे तुम्ही डोके धरून बसता. (बहुतेकांची पहिली संध्याकाळ यातच जाते.)

मग एक शिस्त : तेच फंक्शन दुसऱ्या नोटबुकात चिकटवावेसे वाटले, की ते उचलून साध्या पायथॉन फाइलमध्ये न्या. सगळ्या फाइल्सचे छोटे पॅकेज करा आणि पिपच्या 'एडिटेबल' पर्यायाने बसवा, म्हणजे कुठल्याही फोल्डरमधून ते आयात करता येते. पण पायथॉन मॉड्यूल एकदाच वाचतो. तुम्ही फाइल दुरुस्त केलीत तरी नोटबुक जुनेच फंक्शन वापरत राहते. त्यासाठी सुरुवातीच्या सेलमध्ये 'ऑटोरीलोड' सुरू करून त्याला २ ही किंमत द्या. क्लासची रचना बदलली तर मात्र त्याच्यावर विसंबू नका. कर्नेल सरळ पुन्हा सुरू करा.

आता गिट. नोटबुकाची फाइल जेसन स्वरूपाची असते आणि आलेख, तक्ते सगळे तिच्यातच साठते. एक ओळ बदलली तरी फरक वाचवत नाही. त्याहून वाईट म्हणजे तपासणीसाठी छापलेल्या पहिल्या पाच ओळींत रुग्णांची किंवा ग्राहकांची नावे असतील, तर तीही रिपॉझिटरीत जातात. नंतर पुसली तरी इतिहासात उरतात. एनबीस्ट्रिपआउट हे साधन गिटला जोडले, की नोंद होताना उत्तरे आपोआप गाळली जातात. हे पहिल्याच दिवशी करा.

आणि कुणाला नोटबुक पाठवण्याआधी 'रीस्टार्ट कर्नेल अँड रन ऑल' दाबा. सुरुवातीचा 'दर' तिथे लगेच पकडला जाईल.